मोगऱ्याची पिढी

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी चारच्या सुमाराला आवडी गावातल्या कारखान्याच्या त्या क्वार्टरमध्ये बसायला एक खुर्चीसुद्धा उरली नव्हती. सकाळीच टेम्पो सगळं सामान घेऊन अंबत्तूरच्या नव्या फ्लॅटवर गेला होता. टेम्पोबरोबर मुलगा, व्यंकटेश, गेला, कारण तिकडे इलेक्ट्रिशियन येणार होता आणि तो आला नाही तर त्याला फोन करकरून जेरीला आणायचं काम व्यंकटेशला छान जमायचं. मागे राहिली एक सतरंजी, कॉफीचा फिल्टर आणि स्टीलचे पाच पेले. आणि मागच्या अंगणात मोगरा.

खरं म्हणजे सगळे मोगऱ्यासाठीच थांबले होते. मंगळवारी क्वार्टरच्या किल्ल्या परत करायच्या होत्या. हेमावतीचे यजमान मानाजी कारखान्यातून निवृत्त होऊन पाच महिने झाले होते. मुदत मागून झाली, वाढवून झाली, आता तीही संपली. सामान काय, चार फेऱ्यांत हललं. मोगरा हलणार नव्हता. एकतीस वर्षांत त्याची मुळं धुण्याच्या दगडाखालून पार भिंतीपलीकडे गेली होती. डिसेंबरात हेमावतीनं त्याला नेहमीसारखं गुडघ्याएवढं छाटलं, उरलेली पानं ओरबाडून काढली, तीन आठवडे पाण्याचा थेंब दिला नाही. पाहणाऱ्याला वाटावं, या बाईचं झाडाशी वैर आहे. आणि आता पाहावं तर पान दिसत नव्हतं, इतक्या कळ्या. शेवटच्या वर्षी झाड असं काही पेटून उठलं होतं की शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या बायका टोपल्या घेऊन येत, नेत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच.

हेमावतीचं एक नवल कधी सरलं नाही. साडेपाच-सहाच्या सुमाराला या घट्ट मिटलेल्या कळ्या उघडतात. ती उघडताना बघायची म्हणून तिनं कित्येक संध्याकाळी एकाच कळीवर डोळे रोखून धरले होते. दूध उतू जायला यायचं तिकडे, कुणी दारावर यायचं, नाहीतर नुसती पापणी लवायची आणि वळून पाहावं तर फूल. इतक्या वर्षांत त्या झाडानं तिला तो क्षण एकदाही पाहू दिला नव्हता.

या घरात मोगरा विकत आणत नाहीत. फांदी तोडून नेऊन लावली तर ती पोरकी समजतात. झाडावरची जिवंत फांदी वाकवायची, गाठीखाली साल जराशी खरवडायची, शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबायची आणि वर वीट ठेवायची. दोन-तीन महिने ती आईचंच पाणी पिते आणि हळूहळू आपली मुळं धरते. मगच तिला आईपासून तोडायचं. तोडण्याआधी देणारीनं उजवा हात कुंडीतल्या मातीत घालून पिढी म्हणायची, म्हणजे झाड ज्या ज्या बाईच्या हातून आलं त्या सगळ्यांची नावं, पहिलीपासून घेणारीपर्यंत. मातीत हात असताना खोटं बोलायचं नाही, एवढा एकच नियम.

हेमावतीनं तो नियम कधी मोडला नव्हता. तिनं पिढी म्हणणंच टाळलं होतं. पुतण्या, भाच्या झाडाची फांदी न्यायला आल्या की आधी सासूबाई पिढी म्हणत. त्या गेल्यावर मोठ्या नणंदेनं, महालक्ष्मीआक्कांनी, म्हटली. तेवढ्या वेळात हेमावती आत कॉफी टाकायला जायची. तिच्या कॉफीची तारीफ नात्यात झाली ती बहुधा त्यामुळेच.

पण आज द्यायची होती ती मुलीला, नंदिताला, आणि सुनेला, रंजनीला. आज तिच्याऐवजी दुसऱ्या कुणी म्हणून चालणार नव्हतं. पहाटेच्या गाडीनं तंजावरहून आलेल्या आक्कांनी पेला खाली ठेवत तसं सांगूनही टाकलं.

"आज तूच म्हणायची गं हेमा. सोयराबाई, विद्यालक्ष्मी, कमलिनी, मग तू. पाठ आहे नव्हे?"

"आहे, आक्का," हेमावती म्हणाली. पाठ होतीच. अडचण ती नव्हती.

अडचण अशी होती की या झाडाचा सोयराबाईंशी, विद्यालक्ष्मींशी, कुणाशीच संबंध नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी, कमलिनीबाईंनी, तंजावरची मुळं धरलेली फांदी स्वतःच्या हातानं इथे लावून दिली होती आणि निघताना सांगितलं होतं, पंधरा दिवसांनी एकदा पातळ ताक घाल, भरभरून फुलेल. तेवीस वर्षांच्या हेमावतीनं विचार केला, पंधरा दिवसांनी एकदा घालून एवढं, तर रोज घातलं तर किती! रोज सकाळी वाडगाभर आंबट, दाट ताक, वर सासूबाईंचं नाव घेऊन. मुंग्या लागल्या, माती आंबली, फांदी बुडापासून काळी पडली. तीन पिढ्या टिकलेलं झाड तिनं महिन्याभरात भक्तीनं मारलं.

मानाजी पहिल्या पाळीला गेले असताना ती तिरुमुल्लैवायलच्या देवळापाशी बसणाऱ्या रोपवालीकडून तेवढंच रोप घेऊन आली आणि त्याच खड्ड्यात लावलं. पुढच्या वर्षी ते फुललं, तेव्हा सासू-सासरे आणि आक्का आले होते. तंजावरची कळी लांब, बारीक. ही गोल, टपोरी. सासऱ्यांनी चष्मा वर करून विचारलं, "ही अशी कां?" आणि सासूबाईच सहज म्हणाल्या, "आवडीचं पाणी वेगळं." झालं. त्या दिवसापासून आवडीचं पाणी वेगळं हे घरात सगळ्यांनी मानलं, आणि हेमावती सुटली ती आजपर्यंत.

"चला, ऊन कललं," आक्का म्हणाल्या. सगळे अंगणात आले. दोन फांद्या दाबल्या होत्या. एक मातीच्या कुंडीत, दुसरी मानाजींनी हौसेनं रंगवलेल्या पेंटच्या डब्यात. निवृत्तीनंतर त्यांना हातात पाइप धरून उभं राहायचा छंद लागला होता.

रंजनीनं कुंडीवरची वीट उचलली. बोटांनी माती सारली तर पांढरी, केसाएवढी मुळं, दाट, तजेलदार. "बघा ना आई!" तिचा आवाज आपोआप खाली आला. "काय धरलीय! नुसत्या फांदीला हे सगळं येतं कुठून?"

मग नंदितानं डब्यावरची वीट उचलली आणि नाकाला पदर लावला. आत काळा चिखल होता आणि फांदी हात लावताच साल सोडून हातात आली.

मानाजींनी डबा तिरका करून खालून पाहिला. "भोक पाडायचं राहिलं," ते म्हणाले. चौतीस वर्षं रणगाड्यांचे सुटे भाग तपासून पास-नापास केलेल्या माणसाला ते वाक्य उच्चारताना काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"म्हणजे एकच," नंदिता म्हणाली.

आक्कांनी निकाल दिला. "एक असेल तर सुनेची. घर सुनेकडं राहतं, तर झाडही सुनेकडं."

"आत्या, हा रूल आत्ता केलास काय? मला तर कधी कुणी सांगितलं नाही."

"दोन असल्या की कशाला सांगायचं, म्हणून नाही सांगितलं."

"अप्पा, तुम्ही बोला की काहीतरी!"

अप्पा बोलले. हातातला डबा लपवायला जागा नसल्यामुळे ते मुलीच्या बाजूनं जरा जास्तच जोरात बोलले. "रंजनीची कुंडी कुठं जाणार? आपल्याच फ्लॅटमध्ये. हेमाच्याच हाताखाली. नंदाला अड्यारला सासरी काय उरतं? नंदा याच झाडाखाली रांगली, आक्का."

"अय्यो, म्हणून रीत बदलायची काय?"

रंजनी कुंडीपाशी उकिडवी बसली होती, तशीच मान वर करून म्हणाली, "नंदाताई, पुढच्या वर्षी मी तुम्हाला यातून दाबून देईन ना."

समजुतीचं होतं, पण नंदिताला ते 'मी देईन' टोचलं. "तू देणार? मला? रंजनी, राग मानू नको, पण तुला काय त्याचं? तुझ्या कोल्हापुरात मोगरा मिळत नाही काय? ही तंजावरची आहे. माझ्या आज्जीची, तिच्या सासूची. हे रक्ताचं असतं गं, तुला नाही कळायचं."

रंजनीचा चेहरा उतरला. पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "रक्ताचं असतं तर आईंनाही मिळालं नसतं ताई. त्या पण सूनच आहेत." मग हातावरची माती झटकत उठली. "मला नको. घ्या तुम्हीच. खरंच घ्या."

ती आत जायला वळली आणि हेमावतीचं लक्ष तिच्या मातकट हातांकडे गेलं. या मुलीनं डिसेंबरात तिच्याबरोबर बसून छाटणी केली होती, काटे नसलेल्या झाडानंही हात सोलतात म्हणून हसली होती. आणि नंदिता, जिला लहानपणी झोपवताना हेमावतीनंच सोयराबाईंच्या मोगऱ्याची गोष्ट सांगितली होती, ती त्या गोष्टीचा दगड करून हिला मारत होती. गोष्ट आपली, दगड आपला. हे आपल्याला इथेच थांबवायला हवं, हे तिला इतकं लख्ख कळलं की भीती वाटायच्या आत ती बोलून गेली.

"ही तंजावरची नाहीच."

"काय नाही?" मानाजी म्हणाले.

"हे झाड. तंजावरचं मी मारलं. पहिल्या वर्षीच. हे मी तिरुमुल्लैवायलला देवळाबाहेरून विकत आणलं."

मग ती थांबली नाही. ताक, मुंग्या, काळी फांदी, पहिली पाळी, रोपवाली, सगळं सांगितलं. सांगताना ती कुणाकडे बघत नव्हती, झाडाकडे बघत होती.

"अम्मा," नंदिता म्हणाली, "मी ती गोष्ट ऊर्मीला सांगते. रोज रात्री. माझ्या पोरीला मी जे सांगते ते सगळं..."

मानाजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते नळापाशी गेले, नळ सोडला, बंद केला. "एकतीस वर्षं," ते म्हणाले. "आई गेल्यापासून रोज सकाळी मी तिच्या फोटोला ही फुलं घालतो. तिची म्हणून घालतो. तू बघत असतेस, हेमा."

"बघत होते," ती म्हणाली. "रोज बघत होते."

रंजनी दारातून परत फिरली होती. ती हेमावतीच्या शेजारी येऊन उभी राहिली. "आई, वाडगाभर ताक? रोज?"

"रोज."

रंजनीनं ओठ घट्ट मिटले, पण हसू आलंच, आणि हसता हसता तिनं हेमावतीचा दंड धरला. त्या स्पर्शानं हेमावतीचे डोळे भरून आले. रडायचं तिनं ठरवलं नव्हतं.

आक्का इतका वेळ धुण्याच्या दगडावर बसून होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "झालं तुझं बोलून? आता मी बोलू?"

"आक्का, मी माफी..."

"गप बस. आईनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

हेमावतीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"कसं म्हणून काय बघतेस? ज्या बाईनं चाळीस वर्षं रोज ती कळी ओवली, तिला हातात घेतल्यावर कळायचं नाही? आमची कळी लांब, एकेरी. ही गुंडुमल्ली, गोल मोगरा. आंधळ्यालाही कळेल."

"पण त्याच म्हणाल्या, पाणी वेगळं..."

"बाबा विचारायला लागले होते नव्हे? तू पांढरी फटक पडली होतीस. बाबांचा स्वभाव मज ठाऊक, मानाजीला ठाऊक. त्यांनी तुज त्याच दिवशी गाडीत बसवून माहेरी धाडलं असतं. आईनं मध्ये बोलून टाकलं."

हेमावती आक्कांसमोर खाली बसली. ते वाक्य तिनं आयुष्यभर आपलं नशीब समजून जपलं होतं. बाई भोळी, फसली, असंच तिला वाटायचं. कधी कधी त्या भोळेपणाची तिला कीवही यायची. आणि त्या बाईनं नवऱ्याच्या तोंडावर, सगळ्यांच्या देखत, एवढंसं खोटं बोलून तिला पाठीशी घातलं होतं, आणि नंतर जन्मात कधी, रागात नाही, थट्टेत नाही, आजारपणातल्या बडबडीतसुद्धा नाही, त्याचा उच्चार केला नव्हता. इतकं मोठं मन आपल्या शेजारी बसून भाजी निवडत होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

"परत जाताना बसमध्ये मज कानात म्हणाली," आक्का सांगू लागल्या, "झाड मेलं म्हणून रडत बसली नाही, दुसरं आणून वर्षात फुलवलं. हात आहे पोरीला. मज तिची फांदी पायजे."

"नेली होती त्यांनी. दुसऱ्या वर्षी. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तंजावरच्या झाडाशेजारी नेऊन लावली."

"शेजारी लावली. मग विहीर आटली त्या वर्षी जुनी मल्ली गेली. आईची पाठ दुखत होती, बादल्या ओढवेनात. दोन्ही जगवणं होईना. तिनं तुझी जगवली."

आक्कांनी हेमावतीकडे बोट केलं.

"तू आलीस की परसात फिरकायचीच नाहीस, म्हणून बघितलं नाहीस. आज तंजावरला आहे ती तुझी. कोइमतूरला नेली ती तुझी. बंगळूरला, सेलमला, मदुरैला जिथं जिथं आमच्या पोरींच्या दारात आहे ती सगळी तुझीच, हेमा. जुनीचं एक पान राहिलं नाही कुठं."

ऊन भिंतीवरून उतरलं होतं. हेमावतीनं झाडाकडे पाहिलं. रोपवालीनं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेली वीतभर काडी. तिला ती काडी आठवली आणि मग ती सगळी अंगणं डोळ्यांपुढे आली, काही पाहिलेली, बरीचशी न पाहिलेली, जिथे या घटकेला बायका परड्या घेऊन बाहेर येत असतील.

"पण पिढी?" नंदितानं विचारलं. तिचा आवाज आता भांडणाचा नव्हता. "आज्जी तर सगळ्यांना देताना पिढी म्हणायची. मातीत हात घालून. ती खोटं बोलली?"

"आई? मातीत हात घालून?" आक्कांना ते विचारणंच आवडलं नाही. "तुझी आई तेवढ्या वेळात कॉफी करत होती, तू शाळेत. अप्पाला बायकांत कोण उभं करतं? इथून द्यायची असली तर आई एकच नाव घ्यायची आणि मग घेणारीचं. तंजावरहून द्यायची असली तर त्या नावानंतर स्वतःचं. मीही तसंच म्हणते. पहिलं नाव तेंच."

"कुठलं?" हेमावतीनं विचारलं.

"मघाशी सोयराबाईंपासून म्हण म्हणाले ते तुज चाचपायला. म्हणतेस की काय ते बघायचं होतं." आक्कांनी गुडघ्यावर हात टेकून उठायची खटपट केली, ती सोडून दिली आणि बसल्या बसल्याच म्हणाल्या, "तुझं नाव, वेडे. हेमावती. आणखी कुणाचं?"

मानाजी नळापाशीच उभे होते. त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग झाडाजवळ येऊन ओंजळभर फुलं खुडली. कळ्या नव्हेत, फुलं. बोलता बोलता ती उघडून गेली होती आणि पाच माणसांच्या अंगणात आता वासाखेरीज दुसरं काही मावत नव्हतं. "आईला ठाऊक होतं म्हणजे," ते स्वतःशीच म्हणाले. "सुनेची म्हणूनच घेत होती." त्यांनी ती ओंजळ हेमावतीच्या मांडीवर ओतली आणि कात्री आणायला आत गेले.

नंदितानं नाक ओढलं, पदर खोचला आणि कुंडी उचलून रंजनीपुढे ठेवली. "धर."

"ताई, अहो..."

"धर गं. मी तंजावरहून आणीन. आत्या, माझ्यासाठी एक दाबून ठेव. हेमावती, कमलिनी, महालक्ष्मी, मग नंदिता. बघ, माझी पिढी तुझ्यापेक्षा मोठी." आणि मग, ज्या तोंडानं रक्ताचं बोलली होती त्याच तोंडानं, खाली बघत, "मघाशी बोलले ते धरून बसू नको."

"नाही बसत," रंजनी म्हणाली. "पण डब्याला भोक पाडून घ्या."

कात्री घेऊन येणाऱ्या मानाजींनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

हेमावती कुंडीपाशी बसली. उजवा हात मातीत घातला. माती गार होती, आणि बोटांना ती बारीक मुळं लागली, ओली, चिकट. एकतीस वर्षं ज्या मातीला ती घाबरली ती ही एवढीच होती. समोर रंजनी दोन्ही हातांनी कुंडी धरून बसली होती, नंदिता तिच्या खांद्यामागून वाकली होती. हेमावतीनं आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी मान हलवली, म्हण.

"हेमावती," ती म्हणाली, आणि सवयीनं पुढचं जुनं नाव आठवू लागली. पुढे कुणी नव्हतं. पुढे समोर बसलेली मुलगी होती.

"हेमावती," तिनं पुन्हा, आता मोठ्यानं म्हटलं, "आणि हेमावतीकडून रंजनी."

मानाजींनी फांदी कापली.